डबीत मावलेलं ल्यूक्ट्रा

डबी पेपरमिंटच्या गोळ्यांची. पत्र्याची, बिजागरीच्या झाकणाची, कोपरे गोल. व्हर्नियर लावून मोजली तेव्हा आतून ९१ मिलिमीटर लांब, ५७ रुंद आणि १८ खोल भरली. सगळं मिळून जेमतेम ९३ घन सेंटिमीटर, त्यातही गोल कोपऱ्यांची जागा फुकट. एवढ्यात दोन सैन्यं, रणांगण, फासे आणि नियम असा अख्खा वॉरगेम बसवायचा. झाकण जोर न लावता लागलं पाहिजे. आणि डाव आगगाडीतल्या खिडकीजवळच्या फळीवर अर्ध्या तासात संपला पाहिजे, असं मी ठरवलं. पैज वगैरे काही नव्हती. माझा मामेभाऊ मोठे वॉरगेम खेळतो, २८ मिलिमीटरचे रंगवलेले शिपाई, जेवणाच्या टेबलाहून मोठं रणांगण. त्याच्याकडे खेळायला गेलं की सैन्य मांडण्यातच सकाळ जाते. मला खिशातून काढता येईल असा खेळ हवा होता.

खेळ झाला, पण तिसऱ्या खेपेला. पहिल्या दोन खेपा कशा फसल्या त्यावरच इथे जास्त लिहिणार आहे, कारण तिसरीतलं जवळजवळ सगळं त्या दोन फजित्यांतून आलं.

आधी नुसतं लहान केलं

पहिल्यांदा कोणालाही सुचेल तेच मला सुचलं: मोठा खेळ घ्यायचा आणि आकसवायचा. नमुना समोर होता. प्राचीन युद्धांवरचा ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’, १९९० साली आलेला, खेळाडूंच्या तोंडी नुसता ‘डीबीए’. वॉरगेमचा पसारा त्याने आधीच आवरलेला आहे. शेकडो शिपायांऐवजी प्रत्येकी १२ तुकड्या, किती तुकड्या हलवता येतील ते एका फाशावर, आणि १२ पैकी ४ गेल्या की सैन्य मोडलं. मला वाटलं, अवघड काम कोणीतरी करून ठेवलंय. आपण फक्त झेरॉक्सच्या यंत्रावर टक्के कमी करायचे.

६ मिलिमीटर उंचीचे शिपाई घेतले (या मापात माणूस खऱ्याच्या साधारण तीनशेव्या भागाएवढा असतो) आणि १५ बाय ८ मिलिमीटरच्या बेसवर, म्हणजे पायाच्या चपट्या पट्टीवर, तीन-तीन चिकटवले. अशा २४ तुकड्या डबीत तीन रांगांत बसतात आणि वर फाशांपुरती जागाही उरते. झाकण लागलं तेव्हा मी भलतीच खूश झाले. ही खुशी पहिल्या डावाच्या तिसऱ्या फेरीपर्यंत टिकली.

मोठ्या टेबलावर तुकडी एका चालीत समजा १५० मिलिमीटर जाते. उचलताना धक्का लागून शेजारची ३ मिलिमीटर सरकली तर चालीच्या दोन टक्के फरक, कोणी ढुंकूनही बघत नाही. माझ्या खेळात चाल होती ३० मिलिमीटरची. तोच धक्का आता दहा टक्क्यांचा झाला. त्यात बेसची खोलीच ८ मिलिमीटर, त्यामुळे तेवढ्या सरकण्याने तुकडी शत्रूला भिडली की नाही भिडली हेच बदलायला लागलं. मी म्हणाले, माझं घोडदळ तुझ्या बाजूला भिडलंय. मामेभाऊ म्हणाला, “ते नंतर बघू. आधी ते माझ्या नखाला चिकटलंय ते काढ.” खरंच चिकटलं होतं, भाल्याच्या टोकाने.

खेळ लहान केला, बेस लहान केले, मोजपट्टी लहान केली. बोटं होती तेवढीच राहिली.

या ठिकाणी एक जुनी गोष्ट आठवते. प्रशियाचा गेऑर्ग लिओपोल्ड फॉन रायस्विट्झ याने १८१२ मध्ये राजासाठी जो युद्धखेळ केला तो एक फर्निचरच होता: टेबलाएवढं कपाट, वर भूभागाचे जुळवायचे तुकडे, खाली सोंगट्यांचे खण. त्याच्या मुलाने, स्वतः लष्करी अधिकारी असलेल्याने, १८२४ मध्ये तोच खेळ १:८००० मापाच्या कागदी नकाशांवर आणला आणि मग तो सैन्यात पसरला. मुलाने बापाचं टेबल लहान केलं नव्हतं, टेबलच काढून टाकलं होतं. हे मला माहीत होतं. तरी मी टेबलच लहान करत बसले होते.

लढाई कोणती घ्यायची

दुसऱ्या खेपेला मी डबी बाजूला ठेवली आणि लढाई शोधायला लागले. अशी लढाई, जिचा निकाल एकाच प्रश्नावर लागला. नद्या, टेकड्या, तटबंद्या, दिवसभरात येणारी कुमक असलं काही असेल तर त्या प्रत्येकासाठी एक नियम आणि एक सोंगटी लागते.

प्राचीन ग्रीसमधली, इ.स.पू. ३७१ ची ल्यूक्ट्राची लढाई त्या दृष्टीने नामी आहे. एका बाजूला स्पार्टा आणि तिचे मित्र, दुसऱ्या बाजूला थीब्ज आणि बिओशियातली बाकीची नगरं. संख्या स्पार्टाच्या बाजूला जास्त. दोन्हीकडे मुख्य भरवसा हॉपलाइटांवर, म्हणजे मोठी गोल ढाल आणि लांब भाला घेऊन दाट फळीत लढणाऱ्या पायदळावर. अशा फळीत उजवी बाजू मानाची. उत्तम सैनिक तिथे उभे करायचे असा रिवाज. स्पार्टाचा राजा क्लिओम्ब्रोटस त्याप्रमाणे उजवीकडेच होता. थीब्जचा सेनापती एपॅमिनॉन्डस याने नेमकं त्याच्यासमोर, म्हणजे आपल्या डावीकडे, निदान पन्नास माणसं खोल असा गठ्ठा उभा केला. स्पार्टाची फळी बारा माणसं खोल होती. एवढी खोली कुठून आणली? बाकीची फळी पातळ ठेवून. ती बाजू त्याने मागे राखली, आणि तिथे निर्णायक लढाई व्हायच्या आत डावीकडे निकाल लावला. क्लिओम्ब्रोटस मारला गेला. त्या काळचा ग्रीक इतिहासकार झेनोफोन लिहितो, तिथे असलेल्या सातशे स्पार्टन नागरिकांपैकी सुमारे चारशे पडले.

मला डबीसाठी हवा होता तो प्रश्न हाच: खोल की रुंद? माणसं तेवढीच आहेत. एका जागी गठ्ठा कराल तर दुसरीकडे भगदाड. शिवाय दोन्ही सैन्यांमधली जमीन सपाट होती, म्हणूनच स्पार्टाने घोडदळ फळीच्या पुढे ठेवलं होतं, असं झेनोफोनच सांगतो. म्हणजे झाडं, टेकड्या, ओढे यांचे तुकडे डबीत घालायला नकोत. आळशी माणसाला इतकं सोयीचं रणांगण इतिहासात क्वचित मिळतं.

तुकड्या ठरवल्या १३. थीब्जच्या सहा: चार साध्या हॉपलाइटांच्या, एक घोडदळ आणि एक ‘पवित्र पथक’, म्हणजे थीब्जचा सेनानी पेलोपिडास याच्या हाताखालचे तीनशे निवडक सैनिक. स्पार्टाच्या सात: पाच साध्या, एक घोडदळ, एक राजाची. बेस वाढवून २० बाय १० मिलिमीटर केला. तुकड्या निम्म्यावर आल्यामुळे ते परवडलं.

चौकोन

मोजपट्टीला तर रजाच द्यायची होती, म्हणजे घरं आखणं आलं. वॉरगेममध्ये घरं म्हटलं की हात आपोआप षटकोनाकडे जातो. १९६१ साली ॲव्हलॉन हिल कंपनीच्या खेळांतून षटकोन आले आणि तेव्हापासून ते या छंदाचं चिन्हच होऊन बसलेत. त्यांचं कौतुक खरं आहे: सहाही शेजारी सारख्या अंतरावर, तर चौकोनात तिरपी चाल सरळ चालीच्या १.४१ पट लांब पडते.

मी षटकोनांवर चार-पाच डाव खेळले आणि मग लक्षात आलं की खेळातला मुख्य प्रश्नच नाहीसा झालाय. फळीसारखी आडवी रांग सरळ येईल असे षटकोन मांडले की प्रत्येक घराच्या पाठीशी एक नाही, दोन घरं येतात. मग ‘या तुकडीच्या पाठीशी कोण?’ याला सरळ उत्तर नाही. गठ्ठा म्हणजे एकामागे एक एकामागे एक; षटकोनांत तो नागमोडी होतो आणि अर्धा शेजारच्या रांगेत सांडतो. आडवे फिरवले तर गठ्ठा सरळ होतो, पण फळी वाकडी. म्हणून साधे चौकोन घेतले, सहा रांगा रुंद आणि आठ ओळी खोल, आणि तिरपी चाल सरसकट बंद केली. १.४१ चा प्रश्न तिथेच मिटला. जाणकार लोक अजून नाक मुरडतात.

घराचं माप मात्र तुकडीवरून न काढता बोटावरून काढलं. घर २६ बाय २० मिलिमीटर, त्यात २० बाय १० ची तुकडी. एकामागे एक उभ्या दोन तुकड्यांमध्ये १० मिलिमीटर मोकळे राहतात. चिमटीची टोकं तिथे कशीबशी पण धक्का न लागता उतरतात. ८ वर आणलं तर शेजारची हलते. हे आकडे कुठल्या सूत्रातून आले नाहीत. कागदावर वेगवेगळी घरं आखली आणि डोळे मिटून तुकडी उचलून पाहिली.

लँचेस्टरने केलेली गोची

दुसऱ्या खेपेचा खेळ दिसायला छान होता आणि खेळायला कंटाळवाणा. पहिली तुकडी ज्याची जाईल तो हरायचा. जवळजवळ दरवेळी. पुढचा सगळा डाव म्हणजे हरणाऱ्याने सभ्यपणे बसून राहायचं. मोठ्या खेळात १२ पैकी एक गेली तर फारसं बिघडत नाही. सहात एक गेली की पाय उखडतात, असं मी आधी स्वतःला समजावलं. ते अर्धंच खरं होतं.

खरी खोड नियमात होती. शत्रूला लागून असलेली प्रत्येक तुकडी हल्ल्यात एक गुण वाढवते, असा नियम मी घातला होता, निरुपद्रवी वाटतो. पण त्याचा अर्थ, जितक्या तुकड्या जास्त तितक्या एकेकट्या शत्रूवर तुटून पडणार. इथे फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याची समीकरणं लागू होतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने दोन प्रकारच्या लढायांचं गणित मांडलं. जुन्या काळच्या हातघाईत एक माणूस एकाशीच झुंजतो, तिथे संख्या सरळ वजा होतात: सहा विरुद्ध पाच, उरला एक. आधुनिक नेमबाजीत सगळे जण एकावर रोख धरू शकतात, तिथे संख्यांचे वर्ग वजा होतात: ३६ वजा २५ म्हणजे ११, त्याचं वर्गमूळ ३.३. एकाच तुकडीची आघाडी, पण पहिल्या गणितात शेवटी एक उरते आणि दुसऱ्यात तीनहून जास्त. सुरुवातीची लहानशी फट पुढे रुंदावत जाते ती अशी.

म्हणजे मी भाले-ढालींच्या खेळात नकळत बंदुकांचं गणित बसवलं होतं.

नियम बदलला. समोरासमोर एकास एकच लढेल. दोघेही एकेक फासा टाकतील, जास्त येईल तो जिंकेल. पाठीशी उभ्या प्रत्येक तुकडीचा अधिक एक, जास्तीत जास्त अधिक दोन. ज्याची बाजू उघडी पडून शत्रू तिथे लागलाय त्याला वजा एक, मग बाजूला शत्रूची एक तुकडी असो की दोन. फाशांचं गणित इथे पाठ करण्याजोगं आहे. दोघे बरोबरीचे असतील तर ३६ पैकी १५ वेळा मी जिंकते, १५ वेळा तू, ६ वेळा ढाल ढालीला टेकून दोघे जागच्या जागी. अधिक एक मिळाला की माझ्या २१, तुझ्या १०, बरोबरी ५. अधिक दोन मिळाले की माझ्या २६, तुझ्या ६, बरोबरी ४. म्हणजे तीन खोल गठ्ठा बहुतेक वेळा जिंकतो, पण सहात एकदा हरतोच.

त्या एका वेळेसाठी मी दुसरा नियम ठेवला, आणि माझ्या मते या खेळात चव आहे ती त्यामुळे. हरलेली तुकडी एक घर मागे ढकलली जाते आणि डगमगते. फरक तीन किंवा जास्त असेल, किंवा ती आधीच डगमगलेली असेल, तर पटावरून जाते. आणि ढकलली गेली की पाठीशी उभ्या असलेल्याही एकेक घर मागे ढकलल्या जातात, डगमगतात. ल्यूक्ट्रात स्पार्टाचं घोडदळ मागे रेटलं गेलं आणि आपल्याच पायदळात घुसलं, त्याची ही आठवण. गठ्ठा केलात तर जिंकाल, पण हराल तेव्हा तिघेही लटपटाल. तीन तुकड्या गेल्या की सैन्य मोडलं. राजाची तुकडी गेली तर ती दोन धरायची.

डगमगलेली तुकडी दाखवायची कशी हा वेगळाच घोळ होता. मोठ्या खेळात शेजारी एक खूण ठेवतात. इथे खुणेला ना डबीत जागा, ना घरात. बेसच्या मागच्या कडेला लाल पट्टी रंगवली. तुकडी डगमगली की तिला उलटी फिरवायची, लाल पट्टी शत्रूकडे. सैनिकांनी पाठ फिरवली असं ते दिसतं, आणि समजावून सांगावं लागत नाही. एक गुण खर्चून, शत्रू लागून नसेल तर, तिला परत सरळ करता येते.

एक फासा, दोन आकडे

हे खर्चायचे, म्हणजे हालचालींचे, गुण कुठून येतात ते सांगायचं राहिलं. डीबीएत एका फाशावर जेवढे पडतील तेवढ्या हालचाली. माझ्या खेळात डाव आठ फेऱ्यांत आटपतो. तेवढ्यात दोनदा एक पडला तर तो खेळाडू गाडीतून उतरायची वाट बघत बसतो. मोठ्या खेळात वाईट फासे पुढे भरून निघायला वाव असतो, इथे नाही.

उपाय फाशातच दडलेला होता. सहा बाजूंच्या फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी सात असते. एक फासा टाकायचा. वरचा आकडा एकाचा, खालचा दुसऱ्याचा. दोघांना मिळून दर फेरीला सातच गुण. कोणी कोणता घ्यायचा ते आळीपाळीने निवडायचं, आणि लहान आकडा घेईल तो आधी खेळेल. फासा तसाच पडून राहतो, म्हणजे हिशोबही पटावरच.

खरं सांगायचं तर ही निवड दरवेळी निवड नसते. एक-सहा पडला की सगळे सहा उचलतात. तीन-चार पडला की बहुतेक जण तीन घेऊन आधी खेळतात. घाम फुटतो तो दोन-पाचला. तरी तिनांत एकदा अशी फेरी येते, आणि आठ फेऱ्यांच्या डावाला मला ते पुरेसं वाटलं. मामेभावाला वाटत नाही.

पुढची तुकडी म्हणजे कोणती?

नियमांसाठी डबीत एकच कार्ड बसतं, ८८ बाय ५४ मिलिमीटर, दोन्ही बाजू छापलेलं. देवनागरीत हे माप रोमनपेक्षा जास्त टोचतं. वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, त्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त लागतं. सात पॉइंटात छापून पाहिलं तर ‘तुकड्या’मधला ड्य आणि ‘शत्रू’मधला त्रू शाईचे ठिपके झाले. आठ पॉइंटाच्या खाली जाता आलं नाही. आठ पॉइंटात दोन्ही बाजू मिळून तीनशेच्या आसपास शब्द बसतात. प्रत्येक अपवाद आता शब्दांच्या हिशोबात मोजला जायला लागला.

त्यात गेलेला एक नियम अजून मनाला लागून आहे. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज लिहितो की हॉपलाइटांची फळी चालताना उजवीकडे झुकत जाते, कारण प्रत्येक जण आपली उघडी उजवी बाजू शेजाऱ्याच्या ढालीआड नेऊ बघतो. यावरून मी नियम केला होता: आडवं सरकायचं तर उजवीकडे एका गुणात, डावीकडे दोन गुणांत. सुंदर नियम. पण समोरासमोर बसलेल्या दोघांचं उजवं उलटं असतं, ते सांगायला आणखी एक वाक्य, आणि घोडदळाला लागू नाही हे सांगायला तिसरं. कापला. डाव अडला नाही, हेच जास्त लागलं.

उरलेलं कार्ड ताईला दिलं. ती वॉरगेम खेळत नाही, आणि म्हणूनच दिलं. मी शेजारी बसले, बोलायचं नाही असं ठरवून. मामेभाऊ समोर. दुसऱ्याच फेरीत तिने थीब्जचा गठ्ठा अशा रीतीने लढवला की मला ओठ चावून बसावं लागलं: पुढच्या तुकडीचा फासा टाकला, मग मधलीचा, मग शेवटचीचा, तिघींचे तीन हल्ले.

“अगं, इथे लिहिलंयस ना, ‘पुढची तुकडी लढते, मागची तिला अधिक एक देते’? मग ही लढली. आता पुढची.”

पुढची म्हणजे समोरची, आणि पुढची म्हणजे यानंतरची. मागची म्हणजे पाठीमागची, आणि मागची म्हणजे आधीची. रोजच्या बोलण्यात संदर्भाने भागतं. जिथे जागेलाही पुढेमागे आहे आणि वेळेलाही, अशा खेळात भागत नाही. पुढे तिनेच विचारलं, “मागच्या फेरीत डगमगलेली की मागच्या ओळीतली?” तिथेही तोच शब्द वापरून ठेवला होता. तीनशे शब्दांच्या कार्डावर ‘पुढचा’ आणि ‘मागचा’ मिळून अकरा वेळा आले होते, आणि माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं, कारण मला खेळ येत होता.

कार्ड पुन्हा लिहिलं. जागेसाठी ‘शत्रूला भिडलेली’ आणि ‘पाठीशी उभी’, वेळेसाठी ‘आधीच्या फेरीत’ आणि ‘यानंतर’. ‘पुढे’ हा शब्द फक्त एका ठिकाणी ठेवला, शत्रूच्या दिशेने चालण्यासाठी. ‘माघार’ काढून ‘ढकलली जाते’ केलं, कारण माघार घ्यायची की नाही हे आपण ठरवायचं असतं असं ताईला वाटलं होतं, आणि शब्दाचा अर्थ बघता तिचंच बरोबर होतं. शब्द वाढले. मग घोडदळाचा एक विशेष अधिकार कापून जागा केली.

डबी भरताना

पट कागदाचा केला तर घडीवर शाई उडते आणि कागद फुगून राहतो, तुकड्या उतारावर उभ्या केल्यासारख्या कलतात. कापडाचा केला, १७६ बाय १६२ मिलिमीटर. मधून एक आणि आडव्या दोन घड्या घातल्या की ८८ बाय ५४, सहा पदर, दाबून दीड-दोन मिलिमीटर. कडा दुमडून शिवल्या नाहीत, कारण दुमड सहा पदरांत सहा वेळा चढते. कडेला पातळ गोंद फिरवला, सुतं निघत नाहीत.

तुकड्या डबीत खुळखुळून रंग उडायला लागला, तेव्हा बेसखाली ३ मिलिमीटरच्या निओडिमियमच्या चुंबकी चकत्या बसवल्या. (डबी पत्र्याची आहे याची चुंबक लावून आधी खात्री करावी; ॲल्युमिनियमची असेल तर सगळं मुसळ केरात.) डबीत त्या घट्ट बसल्या. कापडावर मांडल्या आणि तमाशा सुरू झाला. गठ्ठा केला की पाठीमागची तुकडी भिडलेलीला जाऊन चिकटायची, नाहीतर चुंबकाचं तोंड उलटं असेल तर अंग चोरून बाजूला वळायची. नव्या तऱ्हेची डगमग. चकत्या उपटल्या आणि अर्ध्या मिलिमीटरची चुंबकी रबराची पट्टी लावली. तिच्यात उत्तर-दक्षिण ध्रुव बारीक पट्ट्यांत आलटून-पालटून असतात, त्यामुळे पत्र्याला धरण्याइतकी ओढ असते आणि शेजारणीला ओढण्याइतकी नसते.

फासे तीन, १२ मिलिमीटरचे. नेहमीचे १६ चे डबीत उभे राहतात, पण त्यांच्यावर कापड आणि कार्ड धडपणे बसत नाही. टाकायला वेगळी ताटली नको: खेळ मांडला की डबी रिकामीच असते. फासे आत टाकायचे, झाकण लावून हलवायचं, उघडून वाचायचं. आवाज फार होतो.

तेरा तुकड्या दोन रांगांत, सात आणि सहा. त्यांच्या कडेने १७ मिलिमीटरची पट्टी उरते, तिच्यात फासे. वर कार्ड, त्यावर कापड. आणि एका टोकाला साधारण २० बाय ४० मिलिमीटर जागा रिकामी राहते. मामेभावाने ती पहिल्याच दिवशी हेरली. “इथे दोन हत्ती बसतात,” तो म्हणाला, आणि ल्यूक्ट्रात हत्ती नव्हते हे सांगितल्यावर, “मग दुसरी लढाई कर.” दोन हत्ती खरंच बसतात, मी ठेवून पाहिले. पण मग पहिली तुकडी बाहेर काढताच येत नाही. रबर पत्र्याला धरून असतं, भाल्याला धरून वर ओढलं तर भाला वाकतो. तिला आडवी सरकवत त्या रिकाम्या जागेत आणावी लागते आणि तिथे बेसला नख लावून उचलावी लागते. ती जागा माझ्या अंगठ्याची आहे.